देखाव्यातला रोबोट भटजी, आणि धर्माला खरंच विज्ञानाचं वावडं आहे का?

उद्यमनगरी_टर्नर
मंडळी जरा लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा. आमच्या तालमीचा गणपतीचा देखावा ठरायचाय. राजारामपुरीवाल्यांना टक्कर द्यायची म्हणून पोरांनी यंदा टेक्निकल देखावा मनावर घेतलाय, विषय काय तर "पन्नास वर्षांनंतरचं कोल्हापूर". रंकाळ्यावर उडत्या गाड्या, बिंदू चौकात रोबोट हवालदार, इथवर सगळे खूश. मग एकानं पिल्लू सोडलं की शेवटच्या सीनला रोबोट भटजी आरती करताना दाखवू, हात फिरतो, घंटा वाजते, मोटर आपल्याच वर्कशॉपमधली. झालं! रात्री साडेअकराला ग्रुपवर जे पेटलं ते सकाळी दूध आणायला गेलो तरी चालूच. एक म्हणतोय देवाची चेष्टा लावलीय, दुसरा म्हणतोय तुमच्यासारख्यांमुळंच देश मागं राहिला, गॅलिलिओला पण असंच छळलं, तिसऱ्यानं ग्रुप सोडला, त्याला परत ॲड केला, त्यानं परत सोडला.

आता मला जे कळेना झालंय ते असं. उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे, दोन व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी कटिंग मशीनं, आणि एक जुनं लेथ. खंडेनवमीला दरवर्षी मशीनला झेंडूचा हार, स्पिंडलला हळदकुंकू, कंट्रोलरच्या डोक्यावर नारळ. गेल्या वर्षी एका पार्टीच्या कारखान्यात पूजेला गेलो होतो, त्यांनी जॉब लोडिंगला नवीन रोबोटिक आर्म घेतलाय, पिवळाधमक, भोवतीनं जाळीचा पिंजरा. पिंजऱ्याचं दार उघडलं की रोबोट जागच्या जागी थांबतो, सेफ्टी इंटरलॉक. गुरुजी आत जायला काय तयार होईनात, बाहेरनंच जाळीतून अक्षता टाकत होते. मग ऑपरेटरनं पेंडंट, म्हणजे रोबोट चालवायचा रिमोट, हातात घेतलं, स्लो स्पीडला टाकून आर्म असा खाली वाकवला की रोबोटनं नमस्कार केल्यासारखं दिसलं. सगळ्यांनी मोबाईल काढले, गुरुजी पण हसले. तिथं कुणाला चेष्टा वाटली नाही.

म्हंजे रोबोटची पूजा केली तर चालतंय, रोबोटनं पूजा केली की धर्म बुडतोय? ह्याच्यात नेमकं काय खुपतं ते मला समजून घ्यायचंय, भांडायचं नाही. आणि पुढचा प्रश्न, एआय म्हणा, जीन एडिटिंग म्हणजे जनुकांत फेरफार म्हणा, हे सगळं दारात येऊन उभं राहिलंय, ह्याला आक्षेप घेणारे सगळे मागासच असतात का?

तांबडा_पांढरा
रोबोट भटजीला दक्षिणा यूपीआयनं द्यायची का रोख? आणि मुहूर्ताच्या टायमाला "चार्जिंगला लावलाय, अर्धा तास थांबा" म्हणाला तर लग्नाला जेवणावळ आधी उरकायची काय? बाकी विषय हार्ड आहे भावा, मोठी माणसं बोलू देत, मी वाचतोय.

मास्तर_गडहिंग्लजकर
गॅलिलिओचं नाव निघालं म्हणून लिहितो. चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, तेव्हा मी पण "चर्चनं विज्ञानाला छळलं" हे एका वाक्यात सांगून पुढं जायचो कारण पोर्शन संपवायचा असायचा. १६३३ चा खटला खरा, म्हाताऱ्याला नजरकैदेत ठेवलं हे खरं, पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ ला चूक झाल्याचं मान्य केलं हे पण खरं. पण पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे गॅलिलिओच्या आधी मांडणारा कोपर्निकस स्वतः चर्चच्याच सेवेत होता आणि अनुवंशाचे नियम वाटाण्याच्या वेलांवर शोधणारा मेंडेल मठातला साधू होता, हे आपण पोरांना सांगतच नाही.

माझं आवडतं उदाहरण बोस्टनचं. १७२१ ला तिथं देवीची साथ आली. तेव्हा जेनरची लस यायला अजून पाऊणशे वर्षं होती, निरोगी माणसाच्या कातडीत रोग्याच्या फोडातला द्रव थोडासा सोडायचा अशी पद्धत होती. ती बोस्टनला माहीत झाली ती ओनेसिमस नावाच्या आफ्रिकन गुलामाकडून. त्याचा मालक कॉटन मेदर हा कट्टर पाद्री, आणि तोच गावभर सांगत सुटला की टोचून घ्या. विरोध कुणी केला? गावातल्या शिकलेल्या डॉक्टरनं! मेदरच्या घरात कुणीतरी बॉम्ब फेकला, नशीब फुटला नाही. शेवटी हिशोब निघाला तो असा, टोचलेल्यांत मेले साधारण दोन टक्के, न टोचता देवी आलेल्यांत चौदा टक्के. आता गंमत बघा, पुढच्याच वर्षी लंडनमध्ये एडमंड मॅसी नावाचा दुसरा पाद्री प्रवचनातून सांगत होता की रोग देव पाठवतो, टोचणं म्हणजे देवाच्या कामात ढवळाढवळ. धर्म एक, पुस्तक एक, झगा एक, आणि दोघं दोन टोकाला. मग "धर्मानं विरोध केला" म्हणायचं का "धर्मानं लस आणली" म्हणायचं?

जोतिबाच्या_नावानं
चांगभलं! मास्तर, मनापासून आभार.

ग्रुप सोडणारा तिसरा मीच, लपवत नाही. आधी सांगतो, मी बीएस्सी केमिस्ट्री आहे, साखर कारखान्याच्या लॅबला आहे, दिवसभर ब्रिक्स आणि पोल काढतो, म्हणजे उसाच्या रसातली साखर मोजतो, तेव्हा मला विज्ञान शिकवायला येऊ नका. टर्नरभाऊंनी विचारलंय तर सांगतो मला काय खुपतं. खंडेनवमीला आपण हत्याराला हात जोडतो कारण वर्षभर त्यानं आपलं पोट भरलं. तिथं करणारा माणूस आहे, रोबोट वाकला तरी वाकवणारा ऑपरेटर आहे. आरतीत पण करणारा माणूसच पाहिजे. ताट फिरतंय ह्याला आरती म्हणत नाहीत हो, माझी आई गुडघे दुखत असताना उभी राहते ती आरती. ते काम मोटरला दिलं तर आम्ही तिथं उभं राहून करायचं काय, व्हिडिओ? हा आक्षेप विज्ञानाला नाही, आम्हाला काढून टाकण्याला आहे.

दुसरं, आमच्या धर्मात आकाश बघायला कुणी बंदी घातली नाही. अंबाबाईचा किरणोत्सव बघा. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी, मावळतीचं ऊन महाद्वारातून आत शिरतं, पहिल्या दिवशी चरणांवर, मग छातीवर, मग मुखापर्यंत. गाभारा बांधणाऱ्यानं सूर्य बघितल्याशिवाय हे जमलं का?

मास्तर_गडहिंग्लजकर
किरणोत्सवावर एक पुरवणी, राहवत नाही. दोन तारखा का, तर २१-२२ डिसेंबरला सूर्य दक्षिणेला टोकाला जाऊन परत फिरतो. त्याच्या अलीकडं एक्केचाळीस-बेचाळीस दिवस गेलात की १० नोव्हेंबर, पलीकडं तेवढेच गेलात की १ फेब्रुवारी. दोन्ही दिवशी सूर्य क्षितिजावर त्याच जागी मावळतो, म्हणून किरण त्याच वाटेनं येतात. घरी भिंतीवर खिडकीच्या उन्हाची खूण करून ठेवा, पोरांना तीन महिन्यांत खगोलशास्त्र कळेल.

विवेकी_पेठकर
सगळं गोडगोड चाललंय म्हणून थोडं कडू बोलतो. आक्षेप नेहमी आईच्या गुडघ्याएवढा निरागस नसतो. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. दाभोलकरांना गोळ्या घातल्या, त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला, त्याआधी किती वर्षं तो अडवून ठेवला होता आणि काय काय अफवा पसरवल्या होत्या ते आठवा, सत्यनारायण पण बंद होणार म्हणून. आणि लांब कशाला जायचं, १६ फेब्रुवारी २०१५, सकाळी फिरून येणाऱ्या कॉम्रेड पानसरेंवर आपल्याच गावात गोळ्या झाडल्या, चार दिवसांनी गेले ते. ह्या गावात बसून "धर्म आणि विज्ञान तसे मित्रच" असं लिहिताना जरा हात थरथरला पाहिजे.

किरणोत्सवाचं म्हणाल तर, किरण पूर्ण पोचत नाहीत त्याला वाटेतली बांधकामं हे एक मोठं कारण आहे हे दरवर्षी पेपरात येतं. वरचे मजले चढले तेव्हा कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत. पुठ्ठ्याच्या रोबोटनं मात्र लगेच दुखावतात.

जोतिबाच्या_नावानं
पानसरेंचं जे झालं त्याचं समर्थन माझ्याकडनं कधी ऐकू येणार नाही. बंदूक घेऊन येणारा माझा धर्मबंधू नाही. आणि बांधकामांचं बोललात ते शंभर टक्के खरं, त्यावर आम्ही भक्तांनी बोंब मारायला पाहिजे होती, पण ती जागा आमच्यातल्याच कुणाची तरी असते ना, तिथं गप्प बसतो सगळे.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली
हा "आमच्यातलाच कुणीतरी" मुद्दा धरून ठेवा, मला वाटतं सगळी ग्यानबाची मेख तिथं आहे.

वेदोक्ताचंच घ्या. १८९९ ला पंचगंगेवर कार्तिक स्नानाच्या वेळी शाहू महाराजांसाठी वेदातले सोडून पुराणोक्त मंत्र म्हटले गेले आणि वाद पेटला. वरवर बघितलं तर धर्मशास्त्राचा प्रश्न, आत बघितलं तर मंत्र कुणाला मिळणार आणि कुणाचा वरचष्मा राहणार हा प्रश्न. त्याच शाहू महाराजांनी १९०२ ला नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा मागासांसाठी राखीव ठेवल्या, १९०७ ला राधानगरी धरणाची योजना हाती घेतली. धरणाला कुणी शास्त्राधार काढून विरोध केला का? पाणी सगळ्यांच्या शेताला येणार होतं. वही-पेन्सिल कुणाच्या हातात जाणार म्हटल्यावर मात्र शास्त्रं निघाली. माझं मत स्पष्ट सांगतो, शंभरातल्या ऐंशी वेळा धार्मिक आक्षेप हा हक्काचा, पोटाचा नाहीतर विश्वासाचा आक्षेप असतो आणि वर फक्त सोवळं नेसलेलं असतं.

प्लेगचं बघा. हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञानं १० जानेवारी १८९७ ला मुंबईत आपली लस स्वतःला टोचून घेतली. लोक घाबरत होते, जात जाईल, बाटू, काय वाटेल ते. तेव्हा आगाखानांनी लोकांसमोर लस घेऊन दाखवली, म्हणजे धर्मगुरूच लसीच्या बाजूनं. त्याच वर्षी पुण्यात काय चाललं होतं, प्लेगच्या नावाखाली सोजीर घरात घुसतायत, देवघरापर्यंत जातायत, सामान जाळतायत. २२ जूनला प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. रोग तोच, पण एकीकडं माणसाला विचारलं आणि दुसरीकडं बुटानं दार उघडलं. ज्याच्या घरात सोजीर शिरले त्याला तुम्ही सूक्ष्मजंतू समजावून सांगणार कसे?

आणि विज्ञान पण चुकतं बरं का. १९०२ ला पंजाबात मुल्कोवाल गावी लस टोचल्यावर १९ माणसं धनुर्वातानं मेली. एक बाटली दूषित झाली होती. दोष हाफकिनवर आला, निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. त्या गावातल्या माणसानं पुढच्या वेळी लसीला नको म्हटलं असतं तर तो अंधश्रद्धाळू का?

मिरज_शटल
ह्यात माझी भर. धर्मानं नाही तर साहेबानं मारलं असं एक उदाहरण. पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राऊन, २५ जुलै १९७८, इंग्लंड. त्यानंतर ७० दिवसांत, ३ ऑक्टोबरला, कोलकात्यात दुर्गा जन्मली, डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांचं काम. साध्या उपकरणांवर, आणि गर्भ गोठवून ठेवायची त्यांची पद्धत तर पुढं जगभर चालली. तुम्हाला वाटेल देवळातनं मोर्चा आला असेल. नाही! सरकारनं चौकशी समिती नेमली, तिनं दावा खोटा ठरवला, परदेशात परिषदेला जाऊ दिलं नाही, शेवटी बदली केली ती डोळ्यांच्या विभागात. १९८१ ला त्यांनी जीव दिला. व्हॅटिकननं आयव्हीएफला, म्हणजे ह्याच टेस्ट ट्यूबच्या पद्धतीला, विरोध केला तो १९८७ ला लेखी, कारणं देऊन, आजही करतंय, ती कारणं मला पटत नाहीत पण निदान समोर आहेत. कोलकात्याच्या फायलीला मात्र कुठला देव होता?

रंकाळ्याची_वारी
भारी धागा. थोडं आकाशाकडं नेतो. जयंत नारळीकर आपल्या कोल्हापूरचे, जन्म १९ जुलै १९३८ इथला, वाढले बनारसला, २० मे २०२५ ला गेले. फलज्योतिषाची चाचणी त्यांनी पुण्यात घेतली होती ती किती जणांना माहितीय? हुशार मुलं आणि मतिमंद मुलं अशा दोन्ही गटांच्या पत्रिका जमवल्या, ज्योतिषांना सांगितलं ओळखा कुठली कुठल्या गटातली. २७ जणांनी प्रत्येकी ४० पत्रिकांची उत्तरं पाठवली. बरोबर किती निघाली, ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५० च्या आसपास आली असती. शिव्या नाहीत, टिंगल नाही, सरळ बसा आणि करून दाखवा. मला ही पद्धत फार आवडते.

पण त्यांच्याच आयुष्यातली दुसरी गोष्ट जास्त मजेशीर आहे. विश्वाला सुरुवात आहे, एका बिंदूपासून पसरलं, ही कल्पना मांडणारा जॉर्ज लमेत्र हा कॅथलिक धर्मगुरू होता, गणितज्ञ पण. आणि ती नाकारणारा फ्रेड हॉईल, नारळीकरांचा गुरू. हॉईलला त्यात "देवानं निर्माण केलं" चा वास यायचा म्हणून पण तो त्याच्यावर उखडून असायचा, बिग बँग हे नाव त्यानंच १९४९ ला बीबीसीवर बोलताना दिलं. म्हणजे इथं आक्षेप धर्माचा नाही, धर्मासारखं दिसतंय म्हणून विज्ञानवाल्यांचा! पुढं १९६५ ला विश्वभर पसरलेल्या सूक्ष्मलहरी, म्हणजे त्या सुरुवातीचीच खूण, सापडल्या आणि बहुतेक सगळे लमेत्रकडं गेले, नारळीकर मात्र शेवटपर्यंत पर्यायी मांडणीवर काम करत राहिले. त्यांना कुणी कोर्टात उभं केलं नाही, त्यांनी पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली. आक्षेप घेणाऱ्याला बसायला खुर्ची देणं, हे विज्ञानानं धर्माकडनं शिकलेलं नाही, उलट मात्र शिकायला हरकत नाही.

आणि हो, पोप बारावे पायस १९५१ ला म्हणायला लागले की बघा विज्ञानानं निर्मिती सिद्ध केली, तर लमेत्रलाच ते आवडलं नाही. दोन्ही हंडे वेगळे ठेवा असं त्याचं म्हणणं.

तांबडा_पांढरा
हंडे वेगळे पाहिजेतच, आम्ही तांबडा आणि पांढरा वेगळाच ठेवतो. वाढताना वाटी शेजारी शेजारी.

नांदणी_फाटा
सगळे बोलतायत पण आमच्या हत्तिणीचं कुणी काढेना. महादेवी, आम्ही माधुरी म्हणतो. २०२५ च्या जुलैत कोर्टाच्या आदेशानं नांदणी मठातनं जामनगरला नेली, अख्खा शिरोळ तालुका रस्त्यावर आला होता, मी पण होतो. एका बाजूला मठाची कित्येक वर्षांची परंपरा, दुसऱ्या बाजूला तिचे पाय, नखं, एकटेपण ह्याचे अहवाल. मी जैन आहे, अहिंसा आम्हाला कुणी शिकवायला नको असं आम्ही म्हणायचो, आणि समोर पशुवैद्यकाचा कागद म्हणतोय जनावर दुखण्यात आहे. लई अवघड असतं हो ते. तेव्हा ग्रुपवर कुणीतरी केरळातल्या देवळाचा व्हिडिओ टाकला, त्रिशूर जिल्ह्यातलं इरिंजादपिल्ली देऊळ, २०२३ पासून तिथं यांत्रिक हत्ती आहे, साधारण साडेदहा-अकरा फूट उंच, आठशे किलो, कान हलवतो, सोंड हलवतो. माझ्या पोरीनं विचारलं पप्पा आपण पण तसा आणूया की, तो दुखत नाही. आमचे काका उठूनच गेले.

मला अजून कळत नाही काय बरोबर. पण लोक रडत होते ते ढोंग नव्हतं एवढं लिहून ठेवतो. त्यांना अडाणी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, आणि अहवाल न वाचता तो खोटा म्हणणाऱ्यांचा पण.

जोतिबाच्या_नावानं
दादा, काळजाला लागलं. यांत्रिक हत्ती मला चालेल बघा. का माहितीये, तिथं जनावराची सुटका होते. रोबोट भटजीनं कुणाची सुटका होते?

मिरज_शटल
जपानात क्योटोला कोदाइजी मंदिरात २०१९ पासून मिंदार नावाचा रोबोट प्रवचन देतो, करुणेची देवता कन्नॉन हिच्या रूपात. हात आणि चेहरा सिलिकॉनचा, बाकी उघड्या वायरी. तिथल्या भिक्षूंचं म्हणणं साधारण असं की बुद्धाचा मार्ग देवावरच्या श्रद्धेवर नाही, मग सांगणारा यंत्र असलं म्हणून काय बिघडलं. जर्मनीत २०१७ ला आशीर्वाद देणारा रोबोट ठेवला होता तर ख्रिश्चनांत चर्चा पेटली. म्हणजे कुठल्या धर्मात माणसाकडनं काय अपेक्षा आहे त्यावर ठरतं. जोतिबावाल्या दादांचा मुद्दा मला आता पटायला लागलाय, तो पुराणातला मुद्दा नाही, उद्याचा आहे. कविता एआयनं लिहायची, पोरांचा अभ्यास एआयनं घ्यायचा, म्हाताऱ्यांशी गप्पा एआयनं मारायच्या, मग आपण काय नुसतं सबस्क्रिप्शन भरायचं?

बापू_फाउंड्रीवाले
पोरांनो तुमचं वाचून झालं, आता खालचं ऐका. शिरोलीला फाउंड्रीत एकतीस वर्षं गेली. फेटलिंग बघितलंय का कुणी? कास्टिंग निघालं की त्याच्यावरची वाळू, बर, रायझरचा तुकडा हे ग्राइंडरनं घासायचं. दुपारी दोनला शेडमध्ये पत्रा तापलेला, अंगावर ठिणग्या, धूळ अशी की समोरचा माणूस दिसत नाही, नाकाला फडकं. त्या धुळीत सिलिका असतं, फुप्फुसात बसलं की निघत नाही. तिथं आता बिहार-ओरिसाकडची पोरं आहेत, आपली कधीच बाहेर पडली. मी देवभोळा माणूस, नवीन फर्नेसचा पहिला हीट अमावस्येला कधी घेऊ दिला नाही, हसा पाहिजे तर. पण फेटलिंगला रोबोट आला तर मी त्याच्या पायावर नारळ फोडतो. ज्या कामानं माणूस मरतोय ते काम यंत्रानं करावं ह्याला कुठला देव नको म्हणेल?

फक्त एकच. रोबोट आल्यावर त्या पोराला शेटनं काय दिलं ते सांगा. बटन दाबायला शिकवलं का गाडीत बसवून गावाला पाठवलं? देखाव्यात हे दाखवा की, पन्नास वर्षांनंतरच्या कोल्हापुरात फेटलिंगवाला कुठं आहे.

उद्यमनगरी_टर्नर
बापू, दंडवत. माझ्याकडंच बघा, पूर्वी लेथवर चार टर्नर होते, आता दोन मशीनवर एकच पोरगा, आणि तो माझ्यापेक्षा जास्त पगार मागतो कारण त्याला प्रोग्रॅमिंग येतं. उरलेल्या तिघांतला एक रिक्षा चालवतो. मी त्यांच्यासाठी काय केलं, तर काही नाही. धर्मानं नाही अडवलं मला, विज्ञानानं पण नाही शिकवलं.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली
जीन एडिटिंगवर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो, कारण पुढचं भांडण तिथं आहे. २०१८ ला चीनमध्ये "हे जियानकुई" नावाच्या शास्त्रज्ञानं दोन जुळ्या मुलींचे जनुक त्या भ्रूण असतानाच बदलले, एचआयव्ही होऊ नये म्हणून. सगळ्यात मोठा आरडाओरडा कुणी केला, शास्त्रज्ञांनीच. त्याला तीन वर्षं तुरुंगात टाकला. त्या पोरींना कुणी विचारलं नव्हतं, आणि बदल पुढच्या पिढ्यांत जाणार. आता हाच आक्षेप एखाद्या महाराजांनी घेतला असता तर आपण "आले प्रतिगामी" म्हणालो असतो. आक्षेप कुणी घेतला ते बघायचं का काय घेतलाय ते बघायचं?

दुसरी बाजू. त्याच तंत्रानं सिकलसेल ह्या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर उपचार निघाला, २०२३ च्या शेवटी इंग्लंड-अमेरिकेत मंजूर झाला. त्यात पेशंटच्याच पेशी काढून दुरुस्त करून परत घालतात, पुढच्या पिढीत काही जात नाही. तेव्हा अमेरिकेत किंमत बावीस लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावानं आपले अठरा कोटी. सिकलसेल कुणाला होतो महाराष्ट्रात, नंदुरबार-गडचिरोलीच्या आदिवासी पाड्यांवर. आता सांगा, त्या पाड्यावरच्या पोराच्या आड कोण उभंय, धर्म का किंमत? मला भविष्याची भीती वाटते ती भटजींच्या आक्षेपाची नाही. आक्षेप घ्यायला जागाच उरणार नाही, कुठलीतरी कंपनी ठरवेल आणि आपण अपडेट करून मोकळे होऊ, त्याची वाटते. म्हणून मला आक्षेपवाले पाहिजेत, अगदी जोतिबाचे भक्त पण, अट एकच की कारण द्यायचं, आणि हातात दगड नको.

विवेकी_पेठकर
अट मान्य. पण कारण तपासायला पण द्यायचं, नारळीकरांनी दिलं तसं. "माझी भावना" एवढं म्हणून चर्चेचं दार लावता येणार नाही.

जोतिबाच्या_नावानं
तपासा की. माझी आई उभी राहते ते तुम्ही मोजणार कसं, ते सांगा फक्त.

विवेकी_पेठकर
ते मोजायचं नाहीच, त्याच्या वाटेला कोण जातंय. पण त्याच आईला गुडघ्यावर ऑपरेशन नको, अंगारा लावा असं कुणी म्हणालं की मी येणार.

जोतिबाच्या_नावानं
या. डॉक्टरची तारीख घेतलीय, डबा घेऊन या.

दवाखान्यातली_ताई
मी नेत्रदानासाठी घरच्यांशी बोलायचं काम करते. रोज "धार्मिक आक्षेप" ऐकते, म्हणून थोडं जवळनं सांगते.

पन्हाळ्याकडच्या एका गावात आजी वारल्या. मुलं तयार, थोरल्या नणंदबाई आडव्या. "पुढल्या जन्मी आंधळी जन्माला येईल, मी हात लावू देणार नाही." मी वाद घातला नाही, तिथंच पायरीवर बसले. भजनी मंडळातले एक बुवा म्हणाले, अहो आक्का, शरीर तर इथंच जाळायचं, मग डोळं तेवढं कसं बरोबर नेणार? तरी बाई हलेनात. मग हळूच माझ्या कानाशी म्हणाल्या, "लोक म्हणतील डोळं विकलं." आलं लक्षात? पुढचा जन्म नव्हताच तो, गल्ली होती. मी सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलं की ह्यात एक रुपया द्यायचा नसतो आणि घ्यायचा नसतो, कायद्यानं गुन्हा आहे, हवं तर पावती बघा. टेक्निशियनचं काम वीस मिनिटांचं. ते झाल्यावर नणंदबाईंनी तोंडावरचं फडकं बाजूला करून निरखून बघितलं, चेहरा होता तसाच, पापण्या मिटलेल्या. म्हणाल्या, "काय कळत पण नाही की." आणि शेजारणीला स्वतःच बोलावून दाखवलं.

एवढंच सांगायचंय की आक्षेपाच्या खाली काय आहे ते ऐकायला वेळ लागतो, आणि आपल्याकडं सहाच तास असतात.

कागलकर
ताई, धागा सोडून विचारतो, राग मानू नका. माझ्या आईंचं वय ७८, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, शुगर पण आहे. चालतं का नेत्रदान? आणि वेळ आली तर नक्की करायचं काय असतं, कुणी नीट सांगत नाही.

दवाखान्यातली_ताई
चालतं दादा. वयाची अट नाही, चष्मा, शुगर, बीपी असलं तरी चालतं. मोतीबिंदूत आतली लेन्स बदलतात, दान होतं ते पुढचं पारदर्शक बुबुळ, त्याचा संबंध नाही. एचआयव्ही, कावीळ बी-सी, रेबीज, रक्ताचा कॅन्सर असल्यावर घेत नाहीत, ते डॉक्टर बघतात. वेळ आली तर आधी फॅन बंद करा, पापण्या मिटवा, डोळ्यांवर ओल्या कापसाची घडी ठेवा, डोक्याखाली उशी द्या आणि लगेच जवळच्या नेत्रपेढीला फोन करा. सहा तासांच्या आत. बॉडी कुठं न्यावी लागत नाही, टीम घरी येते. आणि हे आत्ताच घरात बोलून ठेवा, फॉर्म भरलेला असला तरी ऐन वेळेला सही घरच्यांचीच लागते.

कागलकर
आई शेजारीच बसल्यात, वाचून दाखवलं. म्हणतात, "घेऊ देत की. पण तो कापूस लावायचं काम तुझ्या बायकोला सांग, तुला घरात काय सापडत नाही."